जेवणानंतरचे दोन तास

लोकांना वाटतं, रक्त काढणाऱ्या बाईकडे काय असणार? सुया, बाटल्या आणि कापूस! अहो, किस्से असतात किस्से! बऱ्हाणपुरातल्या एका शुगरच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं बायकांच्या बोटांना टोचतेय. बोटातून रक्त यायच्या आधी तोंडातून गोष्ट येते. एक ऐकून घरी जावं तर दुसऱ्या दिवशी दोन तयार. आता इतक्या साठल्यात की कुठं ठेवू असं झालंय.

याला कारण आमचा व्हरांड्यातला बाक. शुगरची तपासणी दोनदा होते. एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाऊन दोन तासांनी. शहरातल्या बायका मधल्या वेळात घरी जाऊन येतात. नेपानगरहून, फोपनारहून आलेल्या कुठं जाणार? त्या बाकावर बसतात, डबा उघडतात आणि सुरू होतात. घरी ज्या बाईला कुणी दहा मिनिटं टेकू देत नाही, ती इथं डॉक्टरच्या हुकमानं दोन तास बसते! मग बोलणार नाही तर काय करणार?

मी शोभा. वडील नेपानगरच्या कागदाच्या मिलमध्ये होते, मिलच्या क्वार्टरमध्ये वाढले. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

*

पहिला किस्सा माझाच. नाहीतर म्हणाल, दुसऱ्यांच्या सांगते आणि स्वतःची झाकते.

दवाखान्यात नवीन मशीन आलं. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "शोभा, एकदा स्वतःवर चेक करून बघ." मी टोचलं. दोनशे अडुसष्ट! म्हटलं, मशीन बिघडलंय. दुसरी पट्टी लावली. दोनशे एकाहत्तर. हात साबणानं धुतले, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. दोनशे पासष्ट.

मी लगेच मशीनवाल्याला फोन लावला. "भैया, काय फालतू मशीन दिली तुम्ही? कुछ भी दिखाती है!"

तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, किसी और का करके देखिए ना."

मॅडमचं केलं. शहाण्णव. पुन्हा केलं. सत्त्याण्णव. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, बाकाकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मशीन ठीक आहे शोभा. तू बस."

त्या दिवशी मी पहिल्यांदा बाकावर पलीकडच्या बाजूला बसले. खोटं कशाला सांगू, रडू आलं. सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी, आणि माझ्याच रक्तात काय चाललंय ते मला माहीत नाही! पण शेजारच्या बाईनं डब्यातली मेथीची भाजी पुढं केली आणि म्हणाली, "खा गं, आता तुलाबी सवय करावी लागंल." तेव्हापासून मी दोन्हीकडची आहे.

*

नेपानगरच्या प्रमिलाकाकूंचं नेहमी काकांबरोबर येणं. काका मिलमधून रिटायर झालेले, तिथं मालाची तपासणी करायचे. आता माल संपला, काकू उरल्या! काकूंच्या पोळ्या किती, चहात दूध किती, काकू फिरायला गेल्या की नाही, सगळ्यावर काकांचं लक्ष.

एकदा काकूंचा जेवणानंतरचा आकडा आला तीनशे दहा. मॅडम चिडल्या. "काकू, दोन तासांपूर्वी खाल्लं काय?"

"मावा जलेबी," काकू म्हणाल्या. एकदम सरळ.

काका उसळले. "बघा मॅडम! मी रोज सांगतो, कंट्रोल कर, कंट्रोल कर! ऐकतच नाही ही बाई!"

काकूंनी चष्मा पुसला. "मॅडम, हे रोज सकाळी पाव किलो जलेबी आणतात. माझ्यासमोर खुर्ची ओढून खातात. आणि मला म्हणतात, तू बघू नकोस. आज मी यांचं ऐकलं. बघितलंच नाही. डोळे मिटून खाल्ली!"

सगळा बाक खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, हात पुढं करा." काका "मला काही नाही, मी एकदम फिट" म्हणत राहिले, मी तोवर टोचून मोकळी झाले होते. दोनशे एक्केचाळीस!

काकू फक्त सरकून बसल्या आणि बाकावर काकांना जागा करून दिली.

*

आता वर्षाचं सांगते. ती एका किश्शात मावत नाही.

वर्षा फोपनारची. चौतीस वर्षांची असेल. घरी केळीची मोठी बाग, दोन दीर, सासूसासरे, पाचसहा पोरं, शिवाय बागेवरची माणसं. धाकट्या मुलाच्या वेळी शुगर वाढली ती पुन्हा खाली आलीच नाही. गोळ्या चालेनात, म्हणून मॅडमनी इन्सुलिन सुरू केलं. त्याचा नियम एकच. सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. नाही जेवलं तर शुगर धाडकन खाली येते. सत्तरच्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधार. त्याच्याही खाली गेली तर माणूस बरळतं, पडतं, कधी उठतही नाही.

आणि वर्षाच्या घरचा नियमही एकच. आधी पुरुष जेवणार, मग पोरं, मग सासू, मग सुना. पुरुष बागेतून कधी बाराला येतात, कधी तीनला.

म्हणजे करायचं काय? सुई घेतली आणि ताट लांबलं तर शुगर खाली. भीतीनं सुई टाळली तर शुगर चारशेवर. एका महिन्यात ती बाई साडेचारशेलाही गेली आणि पन्नासलाही आली. तिचे आकडे मी वहीत लाल पेनानं लिहायचे.

"डब्यात फुटाणे ठेव, गपचूप खा," मी म्हटलं.

"ठेवले होते ताई. सासूबाईंनी पाहिलं. सगळ्यांदेखत बोलल्या, आमच्या घरात आजवर कुणी चोरून खाल्लं नाही."

हे सांगताना ती रडली नाही. मान खाली घालून बोटाला कापूस दाबत बसली. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या घरात, स्वतः भाजलेली भाकर, आणि चोर?

*

वर्षाला दवाखान्यात आणली कमलमावशीनं. तिच्याच गल्लीतली, पासष्टीची, नऊवारीतली बाई. मावशीलाही इन्सुलिन आहे. घाबरणं हा प्रकार तिला माहीत नाही, आणि शुगर वाढली तरी पहिल्यांदा ती डॉक्टरलाच रागावते.

एकदा उन्हाळ्यात मावशीचा आकडा आला तीनशे ऐंशी. मॅडमनी विचारलं, "मावशी, सुई घेत नाही का?"

"कशी घेऊ? इन्सुलिन दिल्लीले गेलं."

"कुठं गेलं?"

"दिल्लीले! केळीसंगं!"

झालं असं. गावात लाइट दोन दोन दिवस नाही. फ्रिज बंद. मावशीनं डोकं लढवलं. गल्लीच्या टोकाला एका व्यापाऱ्याचं केळी पिकवायचं गार गोदाम आहे, तिथं जनरेटर चोवीस तास चालतो. मावशीनं आपली इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घातली, केळीच्या एका क्रेटमध्ये नीट ठेवली आणि ओळखीसाठी वरून लाल चिंधी बांधली. सकाळी सुई घ्यायला गेली तर गोदाम रिकामं. अख्खा ट्रक रातोरात दिल्लीकडं रवाना!

"मग मावशी, व्यापाऱ्याला सांगितलं नाही?"

"सांगितलं ना! त्यानं संध्याकाळी ड्रायव्हरले फोन केला. ड्रायव्हर म्हणे, मावशी, मी आग्र्याले पोचलो, आता वापस आणू का? मी म्हटलं, राहू दे बाबा, तिकडं कुणाले लागत असंल तर दे!"

मॅडमनी तिला नवीन बाटली दिली आणि लाइट नसताना ती ओल्या कपड्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात कशी ठेवायची ते समजावलं. मावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हे आधी सांगायचं ना, मडकं तर माह्या घरी चार हायेत."

*

वर्षाच्या सासूबाईंना, मथुराबाईंना, मॅडमनी एकदा दवाखान्यात बोलावलं. बाई आल्या. ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर, बोलणं गोड. मॅडमनी अर्धा तास समजावलं. इन्सुलिन म्हणजे काय, जेवण वेळेवर का लागतं, शुगर खाली गेली तर जीव कसा जातो. मथुराबाई प्रत्येक वाक्याला "हो ताई, बरोबर आहे ताई" म्हणत होत्या. मला वाटलं, जिंकलो!

उठताना त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं आमच्या घरात बायका मागून जेवल्या. कुणी मेलं नाही."

बाकावरून कमलमावशीचा आवाज आला. "मेल्या असतील वो मथुराबाई. जेवू राहिलेल्यांनी उठून पाहिलं असतं तं कळलं असतं ना!"

मथुराबाईंनी मावशीकडं असं पाहिलं की बस. घरी गेल्यावर वर्षाशी आठ दिवस कुणी धड बोललं नाही. सासू म्हणाली, "बाहेर जाऊन आमची इज्जत काढते." नवरा गोपाळ, तसा भला माणूस, बायकोवर जीव आहे त्याचा. पण त्याचं एकच, "आईला कोण सांगणार?"

मी त्याला तोंडावर विचारलं, "अरे, तू सांग ना! तुझी आई आहे, वाघीण आहे का?"

तो म्हणाला, "वाघीण असती तर सांगितलं असतं, ताई."

मी हसले खरी, पण मनातून घाबरले होते. मॅडमनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "हे असंच चाललं तर एक दिवस ही पोरगी चुलीपुढं पडेल आणि उठणार नाही."

*

मध्येच पूजाचं सांगते, म्हणजे जरा हलकं वाटेल. पूजा आमच्या बाकावरची सगळ्यात लहान. कॉलेजात आहे. हिच्या अंगात इन्सुलिन भरपूर बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्यामुळं वजन वाढतं, पाळी चार चार महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात. मॅडमनी औषध दिलं, व्यायाम दिला, पोरगी नेटानं करते.

एक दिवस तिची आत्या बरोबर आली. व्हरांड्यात सगळ्यांसमोर सुरू झाली. "या पोरींना काही होत नाही हो! एकदा शादी झाली की सगळं आपोआप ठीक होतं. आमच्याकडं एकीचं असंच होतं, लग्न झालं, सगळं बंद!"

पूजा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आत्या, लिखवा लो ना मॅडम से. नवरा, सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवणाआधी घ्यायचा की जेवणानंतर?"

आत्या लाल झाली. प्रमिलाकाकूंनी लगेच उत्तर दिलं, "जेवणानंतर घे गं बाई. उपाशीपोटी झेपत नाही!"

*

आता शेवटचा. हा मी दवाखान्याबाहेर फार कुणाला सांगत नाही.

श्रावणातला रविवार. फोपनारला घरोघरी कानबाई बसते. आम्हा खान्देशी लोकांची ही देवी. चौरंगावर नारळाला नथ घालतात, दागिने घालतात, आणि आरती-नैवेद्य झाल्याशिवाय घरातली बाई तोंडात काही घालत नाही. वर्षाचा आदल्या दिवशी फोन आला. "ताई, उद्या घरी पन्नास पाहुणे आहेत. तुम्ही याल का? मला भीती वाटतेय."

मॅडमनी तिचा डोस कमी करून दिला होता आणि बजावलं होतं, उपास धरायचा नाही, देवीची माफी माग आणि वेळेवर खा. आरती अकराला होती. पण मोठ्या दिराच्या सासरची मंडळी इंदूरहून यायची होती. अकराचे बारा झाले, बाराचा एक. वर्षानं मधेच कोठीत जाऊन एक केळं सोललं होतं. सासूनं हातातून काढून घेतलं. "देवी उपाशी बसलीय आणि तू खातेस?" केळीची एवढी बाग असलेल्या घरात त्या पोरीला एक केळं मिळालं नाही! मावशीनं हे मला सांगितलं तेव्हा मी दारात चपला काढत होते. तशीच आत धावले.

आत आरती सुरू झालेली. डफ वाजतोय, टाळ वाजतायत, धूप भरलाय. आणि चौरंगापुढं वर्षा उभी, घामानं भिजलेली, डोळे कुठंतरी लागलेले, अंग थरथरतंय, तोंडानं काहीतरी पुटपुटतेय.

कुणीतरी ओरडलं, "आली! कानबाई अंगात आली!"

झालं! डफ आणखी जोरात. बायकांनी तिचे केस मोकळे सोडले, मळवट भरला. ती खाली बसली, खरं तर कोसळली, तर लोक तिच्या पायावर डोकं ठेवायला रांगेत. मी ओरडतेय, "अहो, देवी नाही, तिची शुगर खाली गेलीय! बाजूला व्हा!" कोण ऐकतं? एका म्हाताऱ्यानं मलाच हाताला धरून मागं ओढलं. "बाई, देवीपुढं आगाऊपणा करू नये."

मी कशीबशी बायकांच्या पायांमधून घुसले, तिचा हात पकडला, पर्समधलं मशीन काढलं आणि टोचलं. त्रेचाळीस!

माझी अक्कलच गेली. गेली नाही ती कमलमावशीची. ती चौरंगाशेजारी उभी राहिली आणि सगळ्या आवाजांच्या वर ओरडली, "अरे, बघता काय? देवीले साखर पाहिजे! साखरपाणी आणा! लवकर, नाहीतर कोप होईल!"

मी बोलले तेव्हा कुणी हललं नव्हतं. आता तिघं स्वयंपाकघराकडं धावले. तांब्याभर साखरेचं पाणी आलं. तिला गिळता येतंय ना ते पाहिलं आणि घोट घोट पाजलं. बोटानं गूळ चाटवला. तोवर रांग चालूच. कुणी विचारतंय, "आई, यंदा केळीला भाव येईल का?" कुणी विचारतंय, "पोराची बदली होईल का?" मावशी सगळ्यांना थोपवत होती. "थांबा जरा! देवी दम घेऊ राहिली!"

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. थरथर थांबली. घाम सुकला. तिच्या हातात ऊब आली. मी पदराआड पुन्हा एकदा टोचलं. तेवढ्यात मथुराबाई गर्दी सारून पुढं आल्या आणि सुनेच्या पायावर पालथ्या पडल्या. रडत होत्या, खरोखर रडत होत्या. "आई, काय चुकलं आमचं? सांग!"

वर्षानं डोळे उघडले. पायाशी सासू पाहिली. माझ्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले, मान मागं टाकली, आणि असा आवाज काढला की माझ्या अंगावर काटा आला.

"मथुरे!"

डफ थांबला.

"मथुरे, तुझ्या घरात मी रोज उपाशी असते!"

"नाही आई, कसं होईल? तुझा नैवेद्य..."

"सून उपाशी ती मी उपाशी! आजपासून या घरात पहिलं ताट सुनेचं!"

मथुराबाईंनी डोकं वर केलं. बारीक आवाजात विचारलं, "पुरुषांच्याही आधी?"

"पुरुषांच्याही आधी! ती जेवल्याबिगर कुणाच्या पानात घास पडला तर बघ!"

मथुराबाई हात जोडून म्हणाल्या, "आणि तिची सुई, आई?"

"सुई माझीच आहे! तिला हात लावायचा नाही!"

सगळ्यात आधी हलला गोपाळ. आत गेला आणि स्वतः ताट वाढून घेऊन आला. पुरणपोळी आणि भात कमी, भाजी-वरण जास्त, मॅडमनी सांगितलेलं त्याला सगळं पाठ होतं की! ताट बायकोपुढं ठेवून तो उभा राहिला. दोन्ही दीर, सासरे, इंदूरचे पाहुणे, सगळे पुरुष भिंतीला लागून उभे, आणि वर्षा मांडी घालून सावकाश जेवतेय. मथुराबाई शेजारी बसून वारा घालत होत्या. तिनं पोटभर खाल्लं, पाणी प्यायली, हात धुतला. मग कुठं पुरुषांची पानं मांडली गेली. ती पद्धत त्या घरात आजही चालू आहे. वर्षाचे आकडे आता मी निळ्या पेनानं लिहिते.

परत निघताना मी ओट्यावर चपला घालत होते. कमलमावशी मागून आली, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "शोभे, ते दुसऱ्यांदा टोचलं होतंस ना, देवी बोलाच्या जरा आधी. किती होती गं?"

मी पर्समधून मशीन काढलं आणि तिच्यापुढं धरलं. अठ्ठ्याण्णव.

मावशीनं आकडा पाहिला. आत पाहिलं. मग पदर खोचला आणि म्हणाली, "पुसून टाक."